पिना डावीकडून

आमच्या सासूबाईंना बाजारात चिमटाबाई म्हणतात, आणि हे नाव त्यांना अजिबात आवडत नसे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. पण "ते चिमटाबाईंचं दुकान कुठं आहे हो?" असं कुणी शेजारच्या किल्लीवाल्याला विचारलं की जिन्याखालून आवाज यायचा, "इथं बाई बसते. चिमटा तिच्या हातात असतो." विचारणारा ओशाळायचा, किल्लीवाला हसू दाबायचा, आणि सासूबाई पुन्हा मान खाली घालून कामाला लागायच्या. मी त्यांना आई म्हणते, म्हणून इथून पुढेही तसंच म्हणेन.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. ताठ उभं राहिलं तर डोक्याला पायरी लागते, म्हणून आत सगळं बसून करायचं. एक टेबल, एक दिवा, दोन स्टुलं, आणि तिसरं स्टूल गिऱ्हाइकासाठी जिन्याच्या तोंडाशी. वर पाटी, 'घड्याळे दुरुस्त होतील'. ती सासऱ्यांच्या वेळची. सासरे जाऊन सात वर्षं झाली आणि घड्याळाच्या आतलं काम त्यांच्याबरोबरच संपलं. आई करतात ते फक्त पट्ट्यांचं. महागड्या घड्याळांचे पोलादी पट्टे, झिजून ढिले झालेले. पाटीवर त्याचा उल्लेख नव्हता आणि आई ती बदलू देत नव्हत्या. रोज दोन-चार माणसं बंद पडलेलं घड्याळ घेऊन यायची आणि पाटीकडे बोट दाखवून आमच्याशी वाद घालायची. वाद घालायचं काम माझ्याकडे होतं.

पट्ट्यांच्या आधी आईंनी बावीस वर्षं दात केले. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारी एक प्रयोगशाळा होती, तिसऱ्या मजल्यावर, आठ टेबलांची. कवळी जबड्यात धरून राहावी म्हणून तिला बारीक तारेचे आकडे लावतात. ते वळवायचं काम आईंचं. तार टोचायला नको, सैल पडायला नको, आणि माणूस हसला तर दिसायला नको. मग मशीन आलं. जबडा कॉम्प्युटरवर दिसायला लागला आणि एका सोमवारी आठांतली सहा टेबलं उचलली. निघताना आईंनी आपले चिमटे, कानशी आणि पायाने चालणारं छोटं ड्रिल मागितलं. मालक देईना. आई त्या टेबलावर बसून राहिल्या. दुपारी टेबल न्यायला आलेल्या हमालांनी मालकाला समजावलं की बाई उठल्याशिवाय टेबल जाणार नाही. मग दिलं.

सासरे घड्याळजी, आणि आपल्या कामाचा त्यांना भारी तोरा. घड्याळाचं पोट उघडणं म्हणजे खरं काम, पट्टा म्हणजे काय, किरकोळ. ढिला पट्टा घेऊन कुणी आलं की ते मान वर न करता म्हणायचे, "ह्याचं काही होत नाही. टाकून द्या, दुसरा घ्या." आई तेव्हा घरी बसलेल्या. डबा द्यायला दुकानात आल्या असताना त्यांनी एकदा हे ऐकलं. "मलापण सोमवारी हेच म्हणाले," असं त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाच्या हातातला पट्टा घेतला आणि डबा सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला. त्या दिवसापासून दुकानात दुसरं स्टूल आलं.

आता पट्टा झिजतो म्हणजे काय होतं ते सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. पट्ट्यात कड्या असतात आणि त्या पिनांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. वर्षानुवर्षं मनगट हलतं, घाम आणि धूळ आत शिरते, पिना बारीक होतात आणि त्यांची भोकं लांबट होतात. लोक म्हणतात पट्टा ताणला गेला. पोलाद कुठलं ताणलं जातंय? झिजलेलं असतं, एवढंच. ओळखायची आईंची रीत सोपी आहे. पट्टा कुशीवर वळवायचा आणि एका टोकाला धरून आडवा पुढे करायचा. धडधाकट पट्टा सरळ राहतो. झिजलेला मान टाकतो.

मग आई एकेक कडी सोडवतात, भोक पुन्हा गोल करतात, आत पातळ नळी बसवतात आणि नवी पिन घालतात. पिनेच्या एका टोकाला, कवळीच्या तारेला ठेवायच्या तसं, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं डोकं ठेवतात, म्हणजे ती आपणहून घसरत नाही. एका पट्ट्याला आठ-दहा दिवस जातात. काढलेल्या जुन्या पिना काडेपेटीत घालून गिऱ्हाइकाला परत. का, असं मी विचारलं होतं. "दात काढल्यावर दाखवतात ना पेशंटला," त्या म्हणाल्या.

आणि एक गोष्ट. कड्यांच्या आतल्या बाजूला कंपनीने इवलासा बाण कोरलेला असतो. पिन कुठल्या दिशेने ढकलून काढायची, ते दाखवणारा. आई डावखुऱ्या आहेत. त्या पट्टा उलटा धरतात, त्यामुळे त्यांच्या पिनांचं डोकं नेमकं दुसऱ्या बाजूला येतं. बाणाच्या दिशेने ढकललं तर त्यांची पिन निघत नाही, उलट आणखी घट्ट बसते. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आईंनी बसवलेली पिन काढायची वेळ आईंशिवाय कुणावर आलीच नव्हती. मलासुद्धा हे माहीत नव्हतं.

क्रेनवाल्या काकू आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा घड्याळ त्यांच्या कोपराजवळ होतं. नवऱ्याचं घड्याळ. नवरा गोदीवर क्रेन चालवायचा. तरुणपणी एका चकचकीत दुकानात तो हे घड्याळ बघायला गेला होता आणि विकणाऱ्याने त्याच्या बुटांकडे बघून सांगितलं होतं, "हे तुमच्यासाठी नाही." चार वर्षं त्याने सुट्टी घेतली नाही. पाचव्या वर्षी तेच बूट घालून गेला आणि घेऊन आला. घेतलं ते कपाटात ठेवायला नव्हे. एकतीस वर्षं रोज कामावर घालून जायचा. क्रेनच्या केबिनमध्ये मनगट टेकायची एक लोखंडी कड होती. तिच्यावर घासून घासून पट्ट्याच्या एका बाजूच्या चार कड्या सपाट झाल्या होत्या. काकूंनी त्या आम्हाला बोट फिरवून दाखवल्या. "हात इथं असायचा," त्या म्हणाल्या.

आईंनी पट्टा आडवा धरला. त्याने अगदी जमिनीकडे मान टाकली. बारा दिवस लागले. काकू न्यायला आल्या तेव्हा आईंनी तो पुन्हा आडवा धरून दाखवला, आणि काकूंनी तोंडाला पदर लावला. त्यांना मनगटाला मोठा होत होता, पण कडी काढू का म्हटल्यावर त्या नको म्हणाल्या. आहे तसा राहू दे.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढचं मी केलं. काचेच्या आत वाफ धरते अशी काकूंची तक्रार होती. ते आतलं काम, आमचं नव्हे. मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाका, काकू. त्यांच्याकडे पाण्याची चाचणी घ्यायचं मशीन असतं." आईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. बारा वर्षं मी विमा कंपनीत पत्रं टाईप केली आहेत. मोठ्या कंपनीच्या काउंटरवर साध्या माणसाचं काय होतं, हे मला नाही कळणार तर कुणाला?

तीन आठवड्यांनी काकू आल्या. मनगट मोकळं आणि हातात लिफाफा. आल्या त्या तिसऱ्या स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या.

झालं होतं असं. सेंटरमध्ये कुणीतरी अदबीने विचारलं, "मॅडम, पट्टा मोठा होतोय, एक कडी काढून देऊ का?" काकू अदबीला भुलल्या. पिन निघाली नाही. पिनेवर हातोडी चालवली. एका कडीचा काठ फाटला, दुसरी वाकली. आणि आता हे पत्र.

पत्र मी वाचलं. असल्या पत्रात 'सद्भावना' हा शब्द आला की मी आधी शेवटचा परिच्छेद वाचते, कारण सुरी तिथे असते. अनधिकृत दुरुस्तीमुळे पट्टा निकामी झाला आहे. कंपनी सद्भावनेपोटी नवा पट्टा विनामूल्य देऊ इच्छिते. जुना पट्टा नियमानुसार जमा करून नष्ट करण्यात येईल. मात्र त्यासाठी दुरुस्ती करणाऱ्या व्यक्तीने सोबतच्या निवेदनावर सही करावी. निवेदनात तीन वाक्यं होती. मी कोणतेही प्रशिक्षण घेतलेले नाही. माझ्या कामामुळे पट्टा निकामी झाला हे मला मान्य आहे. यापुढे मी या कंपनीच्या वस्तूंना हात लावणार नाही.

"नष्ट म्हणजे काय करतात हो?" काकूंनी विचारलं.

"कापतात," मी म्हटलं.

काकूंनी मान हलवली. मग आईंना म्हणाल्या, "तुम्हाला त्रास होणार असेल तर करून टाका सही, बाई. मी घेईन नवा."

"तुम्हाला हवाय का नवा?"

काकूंनी हातातल्या लिफाफ्याची घडी केली. "चांगला असेल की तो," त्या म्हणाल्या. "पण त्याला ह्यांचा हात लागलेला नाही."

आईंनी टेबलावरचा दुसराच एक पट्टा उचलला, उलटा केला, भिंगाखाली धरला. कडीतल्या बाणाकडे बघितलं, मग आपल्या डाव्या हाताकडे. चिमटा खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरलेला मी त्याआधी फक्त एकदा, सासरे गेले तेव्हा, पाहिला होता.

"कुठून ढकलली असेल ते कळलं," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. पिना उलट्या बाजूने आहेत, हे मी सांगायला पाहिजे होतं."

रात्री जेवताना घरात व्हायचं ते झालं. माझा नवरा स्वभावाने गरीब, भांडण म्हटलं की त्याला घाम फुटतो. "आई, चूक तूच कबूल करतेस, मग सही करून मोकळी हो ना," तो म्हणाला. "काकूंना नवा कोरा पट्टा मिळतोय. तुझं काय जातंय?"

"हात जातोय," आई म्हणाल्या. "वाचलंस ना? हात लावणार नाही म्हणे. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"तुझं वय झालं आता. किती दिवस त्या जिन्याखाली बसणार?"

"पायरी पडेपर्यंत."

त्याने माझ्याकडे आशेने पाहिलं. मी त्याच्या ताटात भाजी वाढली आणि म्हटलं, "जेव गुपचूप." खरं तर मला स्वतःचाच राग आला होता. काकूंना त्या काउंटरवर मी धाडलं होतं, आणि सही मात्र आईंनी करायची.

"चूक झाली असं लिहून देईन," आई ताट उचलताना म्हणाल्या. "निकामी झाला असं नाही लिहून देणार. तो निकामी झालेला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी गेलो. काचेचं दार आपोआप उघडलं. आत थंडगार, पायाखाली मऊ गालिचा, आणि खुर्च्या इतक्या बुटक्या की काकू बसल्या त्या खालीच गेल्या. बोटभर ग्लासांत पाणी आलं. आईंनी बसायला नकार दिला. काउंटरशी उभ्या राहिल्या आणि चष्म्याच्या घरातून भिंग काढलं.

टायवाले साहेब आले. बोलायला गोड. असल्या गोड आवाजात मीही बारा वर्षं लोकांना नकार कळवले आहेत, त्यामुळे माझ्यावर परिणाम झाला नाही. ते म्हणाले, "मॅडम, इथं ग्राहकांना हत्यारं वापरायची परवानगी नाही."

"डोळे चालतील?" आईंनी विचारलं.

घड्याळ आणि त्यापासून सोडवलेला पट्टा आला. प्लास्टिकच्या पाकिटात, वर लाल चिकटपट्टी. काकू खुर्चीतून धडपडत उठल्या. आईंनी पट्टा बोटांवरून फिरवला, कडी न् कडी भिंगाखाली घातली. सपाट झालेल्या चार कड्यांपैकी तीन शाबूत होत्या. चौथीचा काठ फाटला होता, तिच्या शेजारची वाकली होती.

"दोन कड्या," आई म्हणाल्या. "बाकीच्यांना काही झालेलं नाही. हे काम केलं कुणी?"

साहेबांना ते सांगायचं नव्हतं. पण आतल्या दाराशी पांढरा कोट घातलेला एक माणूस उभा होता, पन्नाशीचा, भिंग कपाळावर सरकवलेलं, आणि तो पुढे आला. "मी केलं," तो म्हणाला.

"आमच्या प्रक्रियेनुसार बाणाच्या दिशेनेच केलं," साहेब म्हणाले.

"बाण बरोबर आहे," आई म्हणाल्या. "उलटी मी आहे. डावखुरी. पिनेचं डोकं तुमच्या बाजूला नव्हतं. ते मी सांगितलं नाही, ही माझी चूक." मग पांढऱ्या कोटाकडे वळून त्यांनी विचारलं, "पण पिन अडली तेव्हा तुम्ही थांबलात का?"

साहेब काहीतरी बोलणार होते. पांढऱ्या कोटाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. आपल्या हातांकडे पाहत होता.

"नाही थांबलो," तो म्हणाला. "मोठी हातोडी घेतली."

"मग पिनेनं सांगितलं होतं. ऐकलं नाही आपण. मी सांगितलं नाही, तुम्ही ऐकलं नाही, दोन कड्या गेल्या. यात निकामी काय झालं?"

"मॅडम, झीज बघता हा पट्टा तसाही..." साहेबांनी सुरुवात केली.

"काकूंना देणार होतात तो नवा आणा जरा," आई म्हणाल्या.

साहेब गेले नाहीत. पांढरा कोट गेला. कागदात गुंडाळलेला नवा पट्टा घेऊन आला. आईंनी तो त्याच्याच हातात ठेवला आणि कुशीवर आडवा धरायला सांगितलं. स्वतः जुना धरला, त्याच्या शेजारी. नवा सरळ राहिला. जुना टोकाला बोटभर खाली आला, बस. बारा दिवसांच्या कामाआधी तो जमिनीकडे बघत होता, ते आम्हा तिघींनाच माहीत होतं. पण पांढऱ्या कोटाला न सांगता कळलं. त्याने कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि वाकून आईंच्या नळ्या बघायला लागला. "ह्या कशाने बसवल्या?" त्याने हळूच विचारलं.

"दातांच्या ड्रिलनं."

"एवढं अंतर तर आहेच ना," साहेब बोटभर उताराकडे दाखवून म्हणाले.

"आहे," आई म्हणाल्या. "हा एकतीस वर्षं क्रेनवर होता. तुमचा एकतीस वर्षांनी धरा, मी बघायला येते."

साहेबांनी निवेदनाचा कागद काउंटरवर सरकवला. सही झाली तर नवा पट्टा आजच, विनामूल्य. मी तोंड उघडलं, पण काकू माझ्या आधी बोलल्या. इतका वेळ त्या गालिच्याकडे बघत होत्या.

"तेव्हा हा हिरवा होता," त्या म्हणाल्या. "गालिचा. ह्यांनी मला सांगितलं होतं. ह्याच दुकानात ह्यांना सांगितलं, हे तुमच्यासाठी नाही. ह्यांनी ऐकलं नाही. मी कशाला ऐकू? मला नवा नको. माझा मला द्या."

"मॅडम, फुकट आहे."

"फुकट नको म्हणायलाही अर्ज करावा लागतो का?"

मग मी बोलले. विमा कंपनीत शिकलेलं सगळं बाहेर काढलं. जुना भाग कंपनी ठेवून घेते तो बदलून दिला तर. बदलून घ्यायला गिऱ्हाइकाचा नकार असेल तर ती वस्तू गिऱ्हाइकाची, आणि कुणाची वस्तू मालकाच्या मनाविरुद्ध कापली तर त्याला काय म्हणतात, ते मी पत्रात लिहून पाठवू की इथेच सांगू? माझा आवाज चढला होता. गुळगुळीत शर्टातली दोन गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. साहेबांना तेच झोंबलं असावं.

"मग पाण्याच्या चाचणीची हमी मिळणार नाही," ते कोरडेपणाने म्हणाले.

"मी पोहायला जात नाही," काकू म्हणाल्या.

साहेबांनी एक वेगळा फॉर्म काढला. वस्तू आहे त्या स्थितीत परत. त्यात रकाने होते, आधी दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, प्रशिक्षण, प्रमाणपत्र क्रमांक. साहेबांनी पेन उजवीकडे ठेवलं. आईंनी ते उचलून डाव्या हातात घेतलं आणि नावाच्या रकान्यात थांबल्या. मी खांद्यावरून बघत होते. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'चिमटाबाई'.

प्रशिक्षणापुढे लिहिलं, 'बावीस वर्षे दात'. प्रमाणपत्र क्रमांकाशी पुन्हा थांबल्या आणि लिहिलं, 'पट्टा आडवा धरून पाहावा'. खाली रिकामी जागा होती तिथे एक ओळ घातली, 'पिना डावीकडून घातल्या आहेत. हे मी सांगायला हवे होते.' आणि सही केली.

"हे असं चालणार नाही," साहेब म्हणाले.

"का नाही? खरं आहे सगळं," आई म्हणाल्या.

पांढऱ्या कोटाने फॉर्म घेतला, वाचला, शिक्का मारला आणि आमची प्रत फाडून दिली. साहेबांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. पाकीट काकूंच्या हातात ठेवताना त्याने पट्ट्याची सपाट बाजू वर येईल असं ठेवलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

फाटलेली कडी वाचण्यासारखी नव्हती. आईंच्या डब्यात तसल्याच एका जुन्या पट्ट्याची सुटी कडी निघाली. वाकलेली दुसरी सरळ झाली. डब्यातली कडी बसवल्यावर सपाट बाजूच्या टोकाला एक गोल काठ दिसायला लागला. मी म्हटलं, कानस मारून ती पण सपाट करा, कळणारसुद्धा नाही.

"ती झीज क्रेनची होती," आई म्हणाल्या. "माझ्या कानशीची कशाला घालू?"

फाटलेली कडी काडेपेटीत गेली. मग त्यांनी एक नवीन काम सुरू केलं. प्रत्येक कडीच्या आत, कंपनीच्या बाणाशेजारी, सुईच्या टोकाने एक दुसरा बाण ओढला. उलट्या दिशेचा. आता त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक पट्ट्यात तो असतो.

काकू न्यायला आल्या त्या दिवशी जिन्याशी पेंटर शिडीवर होता. पाटीला हात लावायचा नाही म्हणणाऱ्या आईंनीच त्याला बोलावलं होतं. सासऱ्यांची 'घड्याळे दुरुस्त होतील' ही ओळ तशीच ठेवून खाली दुसरी लिहायची होती, 'पट्टे : चिमटाबाई', आणि तिच्यापुढे एक बाण. किल्लीवाला आपलं दुकान सोडून बघायला उभा होता. आता त्याला हसू दाबायचं कारण उरलं नव्हतं, तरी सवयीने दाबत होता.

काकूंनी पट्टा आईंच्या हातून घेतला आणि स्वतःच कुशीवर आडवा धरला. बोटभर खाली, तेवढाच. गोल काठाच्या कडीवर त्यांचं बोट अडलं, त्यांनी ती थोडा वेळ चाचपली. "ही माझ्या ओट्यावर घासेल," त्या म्हणाल्या आणि घड्याळ चढवलं. मग बाहेरच्या स्टुलावर बसून पेंटरचं काम बघायला लागल्या.

पेंटरने मागे सरून पाटी पाहिली आणि खाली वाकून आत डोकावला. "बाई, बाण उलटा सांगितलात. दुकान उजवीकडं आहे, बाण किल्लीवाल्याकडं जातोय. लोक चुकतील ना."

आईंनी भिंगातून डोळा काढला नाही. "चुकू देत."

"चुकले तरी येतील परत," काकू म्हणाल्या. "मी आलेच की."

पेंटरने माझ्याकडे पाहिलं. घरातलं एक तरी माणूस शुद्धीवर असेल, असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "बाणावर अजून एक हात मार. लांबून दिसला पाहिजे."